वाटल्याने वाढणारी ठेव

एखादे गाणे मनात ठाण मांडून बसले, की ते एकट्याने ऐकून माणसाचे समाधान होत नाही. कोणीतरी शेजारी बसलेले असावे, ती विशिष्ट जागा आली की त्याच्याकडे पाहावे आणि त्याचीही मान नेमकी त्याच क्षणी हललेली दिसावी, अशी ओढ लागते. पुस्तक उसने दिले तर ते काही दिवस तरी घरातून जाते. गाण्याचे तसे नाही. ते दुसऱ्याला ऐकवताना देणाऱ्यालाही पुन्हा ऐकायला मिळते, आणि बहुधा पूर्वी न जाणवलेले काहीतरी त्यात नव्याने गवसते.

‘सध्या काय ऐकता आहात?’ हा प्रश्न दोन रसिकांच्या भेटीत आजही हमखास निघतो. या प्रश्नाचे उत्तर देण्याची साधने गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली. तबकडी आली, रेडिओ आला, कॅसेट आली आणि आता हातातल्या मोबाइलवर जगभरचे संगीत येऊन बसले आहे. या साऱ्या प्रवासाकडे पाहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. संगीत टिकवण्याचे काम गायक-वादकांनी केले, तसेच ते ऐकून दुसऱ्याला ऐकवणाऱ्यांनीही केले. जे वाटले गेले ते बऱ्याच अंशी उरले; जे कुलपात राहिले त्यातील पुष्कळसे कुलपाच्या धन्याबरोबरच गेले.

कुलपातील बंदिशी

ध्वनिमुद्रणाचे तंत्र येण्यापूर्वी बंदिश ही घराण्याची मालमत्ता मानली जाई. एखाद्या खाँसाहेबांकडे असलेली दुर्मीळ चीज त्यांच्या मुलाला किंवा अगदी निवडक शिष्याला मिळे. मैफलीत कोणी ती उचलील या धास्तीने काही गायक शब्द मुद्दाम अस्पष्ट उच्चारत, अशा आठवणी जुन्या पिढीतील लोक सांगत असत. यात केवळ संकुचितपणा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विद्या हेच उपजीविकेचे साधन असताना ती जपून ठेवण्याकडे कल असणे स्वाभाविक होते. परंतु त्याची किंमत संगीताला मोजावी लागली.

हे कुलूप उघडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे जन्मलेले भातखंडे पेशाने वकील होते. मुंबईच्या पारशी गायन उत्तेजक मंडळीत त्यांचे संगीताचे शिक्षण आणि चिंतन सुरू झाले. पुढे १९०४ साली त्यांनी दक्षिण भारताचा प्रवास केला आणि त्यानंतरच्या वर्षांत उत्तर व पूर्व भारत पालथा घातला. जेथे म्हणून जुना ग्रंथ किंवा जाणता गायक असल्याचे कळे तेथे ते जात, विचारत, ऐकत आणि टिपून घेत. रामपूरच्या वजीर खाँसारख्या थोर कलावंतांकडून विद्या मिळवताना त्यांना शिष्यत्वही पत्करावे लागले.

या संग्रहातून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे मराठी खंड आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग तयार झाले. घराण्याघराण्यांत बंदिस्त असलेल्या शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापल्या गेल्या आणि कोणाही विद्यार्थ्याला विकत घेता येऊ लागल्या. स्वरलिपीत गाण्याचा जीव उतरत नाही, असा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु सांगाडा उरला म्हणून त्यात पुढच्या पिढ्यांना प्राण भरता आला. मराठी भाषेत लिहिलेले हे ग्रंथ पुढे हिंदीतून देशभर गेले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

लाखेची तबकडी

भातखंडे आपली टिपणे गोळा करीत असतानाच दुसरीकडे एक वेगळे तंत्र भारतात रुजत होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. ध्वनिमुद्रण येथे होई, पण तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील तंत्रज्ञांना ओळख पटावी म्हणून गायिका गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारीत असे. या घोषणेमुळे गौहर जान यांचे नाव त्यांच्या सुरांइतकेच रसिकांच्या स्मरणात राहिले.

तासभर विस्तारणारा राग जेमतेम तीन मिनिटांत बसवायचा, ही कलावंतांपुढची कसोटी होती. त्या तीन मिनिटांनी मात्र राजवाड्यात आणि हवेलीत अडकलेले गाणे वाड्याच्या ओसरीवर आणून ठेवले. ग्रामोफोन प्रत्येकाच्या घरी नव्हता, म्हणून ज्याच्या घरी होता त्याच्याकडे आळी जमे. कोणी चावी भरी, कोणी सुई बदली. पोलादी सुई एका बाजूनंतर बदलावी लागे, नाहीतर तबकडीची चर झिजे. म्हणजे दर तीन मिनिटांनी थोडा विराम आलाच. त्या विरामात नुकत्याच ऐकलेल्या गाण्याची चर्चा होई, ‘तीच पुन्हा लावा’ असा आग्रह होई. यंत्राची ती उणीव ऐकणाऱ्यांच्या पथ्यावर पडली होती.

या यंत्रात आपल्या मातीचाही वाटा होता. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेपासून बनत असे आणि लाखेसाठी साऱ्या जगाची भिस्त प्रामुख्याने भारतावर होती. सुरुवातीच्या ग्रामोफोनमध्ये सुईची थरथर आवाजात रूपांतरित करणारा पातळ पडदा अभ्रकाचा असे. लाख आणि अभ्रक या दोन्ही वस्तूंसाठी छोटा नागपूरचा परिसर प्रसिद्ध होता. याच परिसरातील एका गावाने पुढे फर्माइशींच्या दुनियेत नाव कमावले.

झुमरीतलैयाहून आलेली पत्रे

झुमरीतलैया हे आज झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यात असलेले गाव. अभ्रकाच्या खाणी आणि त्यांचा व्यापार यांवर ते नांदले. परंतु देशभरातील लोकांना ते माहीत झाले रेडिओमुळे. गाण्यांच्या फर्माइशींत या गावाचे नाव इतक्या वेळा येई, की असे गाव खरोखर आहे की निवेदकांनी गमतीने रचले आहे, अशी शंका अनेक श्रोत्यांना येत असे.

यामागची पार्श्वभूमी समजून घेण्यासारखी आहे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला प्रतिष्ठा मिळावी, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या काळात आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचे स्थान मिळाले, पण चित्रपटगीते मात्र जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. तेथील शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपकावरून ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होते अमीन सयानी. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली, असे ते सांगत असत. पुढे गाण्यांची क्रमवारी ठरवताना गावोगावच्या श्रोता संघांचा कौलही विचारात घेतला जाऊ लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि चित्रपटसंगीताला घरचे दार उघडले. मराठी श्रोत्यांसाठी ‘आपली आवड’ होती, तर सीमेवरील जवानांच्या पसंतीची गाणी ‘जयमाला’ कार्यक्रमातून ऐकवली जात.

या फर्माइशींच्या पत्रांचे एक वैशिष्ट्य होते. ज्याला गाणे ऐकायचे आहे त्याने गाण्याचे नाव कळवले असते तरी पुरे झाले असते. पण पत्रात नावांची रांगच असे. स्वतःचे, पत्नीचे, मुलांचे, मित्रांचे, चहाच्या टपरीवर रोज भेटणाऱ्या मंडळींचे, अशी नावे एकामागून एक येत. निवेदक ती सगळी वाचून दाखवी आणि मगच गाणे लागे. रेडिओवर आपले नाव ऐकण्याची हौस त्यात होतीच. ती कोणी लपवतही नसे. पण त्याहून अधिक काहीतरी होते. कोडरम्याच्या खाणपट्ट्यात बसलेला माणूस आपल्याला आवडलेले गाणे केरळपासून काश्मीरपर्यंतच्या अनोळखी श्रोत्यांना ऐकवत होता, आणि आपल्यासोबत हे कोण ऐकणार आहे, तेही सांगत होता. मोठी शहरे, विद्यापीठे आणि संगीतसभा यांपासून दूर असलेल्या गावांना देशाच्या सांस्कृतिक व्यवहारात आपली हजेरी लावण्याचा तो हक्काचा मार्ग होता. त्यासाठी लागे फक्त एक पोस्टकार्ड.

भरून घेतलेली कॅसेट

फर्माइश पुरी होणे न होणे निवेदकाच्या हाती असे. कॅसेटने ती सत्ता श्रोत्याच्या हाती दिली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ही कॅसेट जगापुढे आणली. भारतात तिचा खरा प्रसार झाला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून. आखाती देशांत नोकरीस गेलेल्यांनी आणलेले टू-इन-वन आणि पाठोपाठ देशात तयार होऊ लागलेल्या स्वस्त कॅसेटी यांमुळे ऐंशीच्या दशकात घरोघरी संगीत खेळू लागले. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते अशी प्रादेशिक लोकगीते, भजने, कव्वाल्या आणि बोलीभाषांतील गाणी बाजारात आली.

त्या काळी आवडीच्या गाण्यांची यादी दुकानदाराला देऊन कोरी कॅसेट ‘भरून घेण्याची’ पद्धत होती. साठ मिनिटांची की नव्वद मिनिटांची, कोणत्या बाजूला काय घ्यायचे, बाजू संपताना गाणे मध्येच तुटू नये म्हणून शेवटी कोणते बसेल, याचा हिशेब घरी बसून केला जाई. आतल्या कागदावर सुवाच्य अक्षरात गाणे, गायक आणि संगीतकार लिहिले जात. चुकून पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेची छोटी चिप मोडून टाकली जाई. बदली होऊन परगावी गेलेल्या मित्राला, सासरी गेलेल्या बहिणीला अशी कॅसेट पाठवणे म्हणजे तासाभराची सोबतच पाठवणे असे. यामुळे कलावंत आणि कंपन्या यांचे नुकसान झाले, हेही नाकारता येणार नाही.

कॅसेटचे आणखी एक मोलाचे काम फारसे बोलले जात नाही. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व यांच्यासारख्या कलावंतांच्या खासगी मैफली रसिकांनी आपापल्या यंत्रांवर मुद्रित करून ठेवल्या. या ध्वनिमुद्रणांत मधूनच खोकल्याचा आवाज येतो, कपबशी वाजते, कोणाची तरी मनापासूनची दाद ऐकू येते. पण त्यांत गायक घड्याळाच्या धाकाविना गातो. अशा प्रती एका रसिकाकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या. मूळ टेप खराब झाली तरी दुसऱ्या गावातील कोणाकडे तरी तिची प्रत शाबूत राहिली, असे अनेकदा घडले.

टेबलाखालचे खोके

एका श्रोत्याने आग्रह धरला म्हणून एखादे गाणे किती दूर जाऊ शकते, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण १९७७ सालचे आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अवकाशात पाठवली. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवण्यात आली. कधी काळी परग्रहावरील कोणाच्या हाती ते यान लागलेच, तर पृथ्वीवरील माणूस काय ऐकत होता हे त्यांना कळावे, अशी कल्पना होती. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील समितीने तीत ५५ भाषांतील अभिवादने घेतली. त्यांत मराठीही आहे. संगीतासाठी सुमारे ९० मिनिटे होती आणि साऱ्या जगातून २७ रचना निवडायच्या होत्या.

भारतीय संगीतासाठी संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी एक नाव सुचवले: सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीतील ‘जात कहाँ हो’. भारतीय शास्त्रीय संगीताचे ते सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण आहे, असे त्यांचे मत होते. अडचण अशी, की ती तबकडी बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. शोधाशोध सुरू झाली. अखेर न्यूयॉर्कमधील लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. समितीच्या ॲन ड्रुयन यांनी त्या शोधून काढल्या होत्या.

गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई म्हणजे अल्लादिया खाँ यांच्या थोर शिष्या. समोर बसलेल्या जाणत्या श्रोत्यांसाठी गाणे हेच त्यांना खरे गाणे वाटे; ध्वनिमुद्रणाविषयी त्या फारशा उत्साही नव्हत्या आणि शिष्याही त्यांनी जवळजवळ केल्या नाहीत. धोंडूताई कुलकर्णी हा त्यातला ठळक अपवाद. अशा गायिकेचा साडेतीन मिनिटांचा सूर मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून निघाला. ‘व्हॉयेजर १’ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाईंचे निधन झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये त्या यानाने सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. मानवाने बनवलेली कोणतीही वस्तू त्याच्याइतकी दूर गेलेली नाही.

या गोष्टीत विचार करायला लावणारी बाब अवकाशातील अंतराची नाही, ती त्या खोक्याची आहे. ते खोके कोणी आवराआवर करताना फेकून दिले असते, किंवा ब्राउन यांनी आपल्या आवडीविषयी मौन पाळले असते, तर त्या तबकडीवर केसरबाईंचा आवाज नसता.

आजची देवघेव

आज ऐकवण्यात कसलीही अडचण उरलेली नाही. बोटाच्या एका स्पर्शाने गाणे शंभर जणांना धाडता येते. पण याच सोयीमुळे ते शंभरातील कितीजण ऐकतात, हा प्रश्न निर्माण झाला आहे. सकाळपासून येणाऱ्या संदेशांच्या गर्दीत गाण्याचा दुवा वाहून जातो. पोस्टकार्डावरील नावांची रांग, कॅसेटमधील हस्ताक्षरातील यादी, दोन तबकड्यांमधील विराम यांतून जे कळत असे, ते म्हणजे हे गाणे कोणी, कोणासाठी आणि का निवडले आहे. तेवढे आजही सांगता येण्यासारखे आहे. एका वेळी एकच गाणे, एकाच व्यक्तीला आणि सोबत दोन ओळी: गायक कोण, संगीतकार कोण, कोणत्या जागेकडे कान द्यावा. शक्य असेल तेव्हा एकत्र बसून ऐकावे. मात्र आगगाडीच्या डब्यात मोठ्या आवाजात गाणे लावणे म्हणजे ऐकवणे नव्हे. ऐकणाऱ्याची इच्छा हा या देवघेवीचा पहिला नियम आहे.

दुसरे काम अधिक तातडीचे आहे. अनेक घरांच्या माळ्यावर आणि कपाटांत जुन्या तबकड्या व कॅसेटी पडून आहेत. चुंबकीय फीत दमट हवेत बुरशी धरते, चिकटते आणि एके दिवशी वाजेनाशी होते. वाजवण्याची यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत. म्हणून बाजारात न मिळणाऱ्या, घरगुती मैफलीच्या किंवा आजी-आजोबांच्या आवाजातील कॅसेटींना अग्रक्रम देऊन त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. मूळ प्रत शक्यतो न दाबलेल्या, म्हणजे ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. कॅसेटवरील तारीख, स्थळ, साथीदार यांची नावे टिपून घ्यावीत. आवाज उरला आणि नाव गेले तर अर्धी ठेव बुडालीच. लाखेच्या तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि स्पिरिटने कधीही पुसू नयेत, कारण लाख त्यात विरघळते.

कायद्याचे भानही हवे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गीत आणि चाल यांचे हक्क स्वतंत्र असून ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतात. स्वतःच्या वापरासाठी प्रत जपणे वेगळे आणि ती सार्वजनिकरीत्या प्रसृत करणे वेगळे. मोठा संग्रह असेल तर तो जाणत्या संस्थेकडे सोपवणे श्रेयस्कर. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी १९९० साली मुंबईत स्थापन केलेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील हिंदुस्थानी संगीताचा संग्रह, गुरुग्राम येथील लोकसंगीत व शास्त्रीय संगीताचे अभिलेखागार अशा संस्थांनी संगीताच्या जतनाचे मोठे काम केले आहे.

बँकेत ठेवलेल्या ठेवीला वारसाचे नाव लावून ठेवण्याची दक्षता आता बहुतेक सुजाण ग्राहक घेतात. सुरांच्या ठेवीच्या बाबतीत ही दक्षता क्वचितच घेतली जाते. संग्राहकाच्या पश्चात घरच्यांना त्या खोक्यात काय आहे हेच ठाऊक नसते, आणि मग तो रद्दीच्या वजनात जातो. हे टाळण्यासाठी खर्च काहीच नाही. घरातील एखाद्या तरुण व्यक्तीला संध्याकाळी शेजारी बसवावे, आपल्या आवडीचे एक गाणे लावावे, त्याची हकीकत सांगावी. आणि ते संपल्यावर तिला विचारावे, ‘तू सध्या काय ऐकतेस?’ तिचे उत्तर अपरिचित असेल, कदाचित प्रथम कानाला रुचणारही नाही. तरीही ते शेवटपर्यंत ऐकावे. ज्याला आपले ऐकवायचे आहे त्याने दुसऱ्याचे ऐकलेच पाहिजे, तरच ही ठेव पुढच्या हाती सुखरूप पोचते.